साडेचार बोटांचा हात

पिराजीमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच हाताकडे बघत उभी होते. शनिवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले असतील. आमच्या हळदीच्या कारखान्यात, शिजवणीच्या शेडमधल्या मागच्या भिंतीवर त्यांचा पिवळा पंजा उमटलेला होता. करंगळीशेजारचं बोट अर्धंच, म्हणजे हात त्यांचाच, त्यात शंका नाही. आणि तो ओला होता. तळव्याखालून हळदीचा एक बारीक ओघळ भिंतीवरून खाली उतरत होता. आज मामा लवकर आलेले दिसतात, असं मनात म्हणून मी नेहमीसारखी तिथून सटकायला वळले, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे त्यांचा मुलगा होता, सेनगावकडच्या त्यांच्या गावाहून. "ताई, बापू गेले. पहाटंच, झोपेत." मी म्हणाले, "अरे असं कसं, आत्ता तर..." आदल्या संध्याकाळी मामांना गावाकडच्या जीपमध्ये बसताना ड्रमवरच्या शेषरावने स्वतः पाहिलं होतं. मी परत भिंतीकडे बघितलं तर ओघळ फरशीला टेकला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसावर लिहायचं तर तो किती चांगला होता, किती कष्टाळू होता असं लिहायची रीत आहे. मामा होतेच तसे, मला ते लिहायला काही अडचण नाही. पण हा लेख मी तीनदा लिहायला घेतला आणि तीनदा फाडला, कारण प्रत्येक वेळी त्यात मामाच होते आणि मी कुठेच नव्हते. तो खोटेपणा आता पुरे झाला.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत हा कारखाना आहे. ओली हळद येते, वाफेच्या मोठ्या ड्रममध्ये शिजते, अंगणात वाळते, मग पॉलिश होते. मी बी.एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागले. 'प्रयोगशाळा' म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि मी. पहिल्या दिवशी वडील मला गाडीवर सोडायला आले होते. फाटकात खांद्यावर घोंगडं टाकलेला, भट्टीजवळही ते न काढणारा एक उंच माणूस उभा होता. तो म्हणाला, "रामराम गुरुजी." वडील म्हणाले, "जयभीम." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "फिकीर करू नका. पोरगी पिवळी व्हईल, दुसरं काही व्हनार न्हाई." हे शिजवणीचे मुकादम पिराजीमामा. घरची मेंढरं त्यांचे वडील आणि भाऊ सांभाळायचे, हे एकटेच कारखान्यात आलेले. हळद शिजली की नाही हे ते झाडूच्या काडीने बघायचे. काडी हळकुंडात लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. माझ्याकडे त्यासाठी घड्याळ होतं, तापमापक होता, तक्ता होता, आणि दहापैकी नऊ वेळा काडीच बरोबर निघायची, याचा मला भारी राग यायचा.

भिंतीची गोष्ट सुरू झाली ती साहेबांच्या सूचनापेटीमुळे. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणाहून येऊन लाल रंगाची पेटी टांगली आणि सांगितलं, कामात काही नवीन सुचलं तर चिठ्ठी टाका, नाव लिहायची गरज नाही. आठ दिवसांत पेटी गच्च भरली. फुकटची सूचना द्यायला कुणाचं काय जातं! ड्रम तिकडे हलवा, चहा दोनदा द्या, वाळवणाला पंखे लावा. साहेब उत्साही माणूस, त्यांनी दोन-तीन गोष्टी लगेच करूनही टाकल्या. त्या बिघडल्या तेव्हा विचारायचं कुणाला, हे कुणालाच माहीत नव्हतं. मामांनी पेटीतली एक चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "आमच्यात मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण असती. कुणाच्या शेतात शिरलं तर कुणाचं हाय त्ये इचारावं लागत न्हाई, खुणंवरून मालकाला हाक मारायची. ही बिनखुनेची मेंढरं सोडून राहिले तुमी कारखान्यात." मग त्यांनी घमेल्यात कालवलेल्या हळदीत हात बुडवला आणि भिंतीवर थापला. त्या दिवसापासून रीतच पडली. ज्याला नवीन काही सुचेल त्याने सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं, भिंतीवर हात उमटवायचा, खाली कोळशाने कल्पना लिहायची. मामा तीनच प्रश्न विचारायचे. कोण बघणार? कुठवर बघणार? बिघडलं तर हाक कुणाला मारायची?

हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. शेड पुढून उघडं असल्याने सकाळचं ऊन थेट भिंतीवर यायचं आणि सहा-सात दिवसांत हात फिका पडायचा. म्हणून दर शनिवारी ज्याचा हात त्याने परत हळद लावायची. हात फिका दिसला की समजायचं, याने आपली कल्पना वाऱ्यावर सोडली. हंगामभर नीट चालली तर ती सगळ्यांची झाली. फसली तर ज्याची त्याने चार माणसांत 'फसली' म्हणायचं, त्या जागी आपला हात शेवटचा उमटवायचा आणि त्यावर ताजा चुना फिरवायचा. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे कुठल्याही घरातल्या बाईला सांगायला नको. पांढरा होण्याआधी तो हात लालभडक व्हायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरले होते. मामा मात्र हसायचे. शेषराव आमचा ड्रम चालवणारा. त्याने हळद धुवायला सिमेंट कालवायचं मशीन आणलं आणि सगळ्या हळकुंडांचे तुकडे केले. त्याचा हात लाल झाला त्या दिवशी मामांनी स्वतः त्याला चहा आणून दिला आणि विचारलं, "उद्या काय नवीन?" गयाबाई वाळवणावर कामाला. दवाने माल काळा पडू नये म्हणून जुनी लुगडी पांघरायची हे तिला सुचलं. लिहिता येत नव्हतं म्हणून तिने लुगड्याचं चित्र काढलं. आज जिल्ह्यातून माणसं ते बघायला येतात आणि गयाबाई कमरेवर हात ठेवून त्यांना समजावून सांगते. हात उमटवल्यावर माणसं घाबरून गप्प बसतील असं साहेबांना वाटलं होतं. उलट झालं. आपल्या नावाने काहीतरी भिंतीवर आहे याची माणसांना चटकच लागली.

मामांच्या अर्ध्या बोटाचं मी एकदा विचारलं होतं. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात पॉलिशच्या ड्रमची जाळी कुणीतरी काढून टाकायला लावली, काम लवकर व्हावं म्हणून, आणि बोट आत गेलं. "कुणी सांगितलं होतं?" मी म्हणाले. मामा म्हणाले, "समदेच म्हणत व्हते. म्हंजी कुणीच म्हणलं नव्हतं."

आता माझं. तीन हंगामांपूर्वी मला एक कल्पना सुचली. ड्रममधली वाफ सोडली की झाकण उघडायला दहा मिनिटं थांबायचं, असा नियम होता. मी माझ्या तक्त्यात बघितलं, वाफ पाचच मिनिटांत निघून गेलेली असायची. म्हणजे रोज कितीतरी वेळ नुसता उभं राहून वाया. दुपारच्या चहाला मी शेषरावला म्हणाले, "पाचच मिनिटं थांबलं तरी चालेल रे, मी बघितलंय." तो म्हणाला, "मग भिंतीवर हात मारा ना मॅडम." मला दुसऱ्या दिवशी मावसबहिणीच्या लग्नाला कळमनुरीला जायचं होतं. हाताला मेंदी लागायची होती, हळदीचे डाग नको होते. "आल्यावर मारते, तू सुरू तर कर," असं मी म्हणाले. शब्द आजही माझ्या कानात आहेत... तू सुरू तर कर.

मी परत आले त्याच सकाळी एका जुन्या ड्रमची वाफ नीट सुटली नव्हती. पाच मिनिटांनी मदतीला आलेल्या गयाबाईने झाकण उघडलं आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. साहेबांनी आम्हा सगळ्यांना भिंतीसमोर उभं केलं. "पाच मिनिटांची ही अक्कल कोणाची?" शेषरावने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी माझ्या मेंदीकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. बोलले नाही. नोकरी जाईल, वडिलांना काय सांगू, असली सगळी कारणं नंतर सुचली. त्या क्षणी फक्त तोंड उघडलं नाही. मग घमेल्यात हात बुडाल्याचा आवाज आला आणि भिंतीवर साडेचार बोटांचा पंजा उमटला. "माही," मामा म्हणाले.

त्यांचं मुकादमपण गेलं. साहेबांनी त्यांना वाळवणावर टाकलं, उन्हात. दहा मिनिटांचा नियम परत आला. दुसऱ्या दिवशी मी रडत त्यांच्यापुढे गेले, तर ते हळद पसरवत होते, थांबलेसुद्धा नाहीत. मी म्हणाले, "मामा, तुम्ही त्यावर चुना तरी मारून टाका. संपू दे." ते म्हणाले, "मी काहून मारू? त्यो हात तुहा हाय. यस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेत ना, तसं धरून राहिलो मी. तू आली की उठतो." माझी आज ना उद्या हिंमत होईल, अशी त्या माणसाची खात्री होती. मी मात्र तीन वर्षं आले नाही. दर शनिवारी वाळवणावरून येऊन ते त्या हाताला हळद लावायचे. लोकांना वाटायचं, मामा प्रायश्चित्त घेतायत. मी त्या वेळेला खोलीत वजनकाटा पुसत बसायचे. गयाबाई दोन महिन्यांनी कामावर आली, तिच्या हातावरची कातडी वेगळीच दिसायची. तिच्याशी मी बोलायचे, पण तिच्या खांद्यापलीकडे बघून.

म्हणूनच तो शनिवार मला झेपला नाही. मामा पहाटे गेले आणि साडेनऊला हात ओला. शेषराव शपथेवर म्हणाला की शुक्रवारी तो फिका पडलेला होता. आधी मी स्वतःची समजूत घातली, कुणीतरी मायेने लावली असेल. पण पुढच्या शनिवारी परत तेच. भिंतीवरचे बाकीचे हात ज्याचे त्याने रंगवले, आणि कोपऱ्यातला मामांचा हात त्यांच्याआधीच ताजा. मला शेषरावचा संशय आला. तो चिडला. "हे बघा," म्हणून त्याने बोट दुमडून बाजूच्या जागेवर हात उमटवून दाखवला. दुमडलेल्या बोटाचा सांधा वेगळाच उमटला. मामांच्या अर्ध्या बोटाच्या टोकाला जखम भरून आल्याची एक चुणी होती. भिंतीवरच्या ताज्या हातालाही ती होती.

तेराव्याला मी मामांच्या गावी गेले. मामींनी चहा दिला. दारात मामांचं घोंगडं दोरीवर टाकलेलं होतं, पलीकडे मेंढरं रवंथ करत बसली होती. बोलता बोलता मामींनी आतून पितळी तांब्या आणला. त्यावर चार बोटं आणि एक अर्धं, पिवळी. "चिंचेनं घासते, राखेनं घासते. निघते. आन शनिवारी अंघुळीचं पाणी काढाया जावं तर परत हायेतच." त्या घाबरलेल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या. "जीव अडकून राहिलाय काय की कशात. म्हनायचे, येक जागा धरलेली हाय, माणूस काही येईना." मी तांब्या हातात घेतला नाही. मामींनी विचारलंही, "तुला ठावं हाय का गं, कोन माणूस?" मी 'नाही' म्हणाले. तेराव्याला, त्यांच्या दारात बसून, त्यांचा चहा पिऊन. मेंढरं एकदम उठून उभी राहिली आणि सगळी माझ्याकडे तोंड करून थांबली. कुत्रं नाही, आवाज नाही, काही नाही. मी चपला शोधल्या आणि निघाले.

पुढच्या शनिवारी मी साडेआठलाच स्टूल टाकून भिंतीसमोर बसले. म्हटलं, बघतेच. ऊन भिंतीवर आलं होतं, हात फिका होता, कोरडा. शेषरावने पहिल्या ड्रमची वाफ सोडली. वाफेचा लोट आला आणि भिंत दिसेनाशी झाली, एक लांब श्वास घ्यावा एवढाच वेळ. त्या वाफेत उकडलेल्या हळदीचा वास असतो, तो मला पाठ आहे. त्या दिवशी त्यात दुसरा वास होता, भिजलेल्या घोंगड्याचा. माझ्या डाव्या अंगाने कुणीतरी गेल्यासारखं वारं हललं. वाफ विरली तेव्हा हात पिवळाजर्द होता आणि तळव्याखालून ओघळ निघाला होता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. मेलेल्या माणसाला मी अजून कामावर ठेवलं होतं.

नऊला सगळे जमले तेव्हा मी उठून उभी राहिले. "पाच मिनिटांची कल्पना माझी होती," मी म्हणाले. "मामांची नव्हती. मी शेषरावला सांगितलं आणि लग्नाला गेले. हात उमटवला नाही, नंतरही बोलले नाही." साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, आता कशाला? मामा गेले. विषय मिटला." मी म्हणाले, "मिटला नाही साहेब. ओला आहे." मग मी गयाबाईकडे वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. माह्याशी बोलताना तुही नजर खांद्यावरून जायची, तवाच कळलं व्हतं." मी माफी मागायला लागले तर तिने भाजलेला हात वर करून थांबवलं. "माफी ऱ्हाऊ दे. थंडीत आजून तकलीफ व्हते या हाताला, बोटं वळत न्हाईत. त्ये तू इचारत जा. आजपस्तोर मामा इचारायचे."

मी घमेल्यात हात बुडवला आणि मामांच्या हातावर माझा ठेवला. माझा पंजा लहान, त्यांच्या तळव्यात बुडून गेला. भिंतीचा तो भाग कोमट लागला. बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलेली सीट लागते तसा. हात काढला, चुन्याचा ब्रश घेतला आणि फिरवला. लाल उमटला तो एकच हात, पाच बोटांचा, माझा. त्याच्याभोवती मामांच्या रुंद पंज्याच्या कडा लाल व्हायला हव्या होत्या, मिनिटापूर्वी तिथे ओली हळद मी डोळ्यांनी पाहिली होती. तिथे चुना नुसता पांढरा राहिला. शेषराव जवळ येऊन वाकून बघून गेला. गयाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "उठले मामा."

त्याच संध्याकाळी मी मामींना फोन केला आणि तो माणूस मीच होते, हे सांगितलं. पुढच्या शनिवारी त्यांचा स्वतःहून फोन आला. तांब्या लखलखीत होता. साहेबांनी मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तरी चाललं असतं, असं आज म्हणणं सोपं आहे. भिंतीच्या त्याच कोपऱ्यात आता माझा नवा हात आहे. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाची कडी सुटूच नये, अशी एक सोय आम्ही ड्रमला करून बघतोय. खाली माझं नाव आहे, हंगाम संपेपर्यंत मी बघणार आहे, बिघडलं तर हाक मला मारायची आहे. रोज सकाळी गयाबाईच्या हाताचं विचारते, ती रोज "हाय तसाच" म्हणते.

गेल्या शनिवारी बस चुकली आणि मला पोचायला उशीर झाला. अकरा वाजले होते. माझा हात भिंतीवर फिका पडलेला होता, कोरडा, उन्हाने जसा पडायला हवा तसाच. शेषरावने वाफ सोडली, लोट आला, विरला. मी वाट बघत उभी राहिले. हळदीच्या वासाशिवाय कसलाच वास नव्हता. कुणी लावली नाही... मग मीच बाही वर सारली आणि घमेल्यात हात बुडवला.